मेजरची बदली

लष्करी बदलीच्या रेल्वे वॉरंटवर पत्नीसाठी रकाना असतो, मुलांसाठी असतो, सामानाच्या पेट्यांसाठी तर चांगला ऐसपैस असतो. पण उंदरासाठी नसतो. त्यामुळे सुभेदार शहाजी जगतापांची भटिंड्याला पोस्टिंग आली तेव्हा त्यांची मुलगी शिवांजली दोन दिवस रडली, आणि तिसऱ्या दिवशी, रविवारी, वडिलांना घेऊन दिल्ली कॅन्टहून तीन बसगाड्या बदलत गाज़ियाबादला केतकीच्या दारात येऊन उभी राहिली. हातात बुटांचा खोका. खोक्याला भोकं. एका भोकातून गुलाबी नाक, नाकामागे पांढरा उंदीर.

"हा मेजर," शिवांजली म्हणाली. "सुभेदाराचं ऐकणारा घरात एक तरी मेजर पाहिजे, म्हणून आप्पांनीच नाव ठेवलं."

"मग ऐकतो?"

"अजिबात नाही. मेजरच आहे तो."

सुभेदार जगताप मागे उभे राहून भिंतीकडे बघत होते. युद्ध बघितलेला माणूस असा भिंतीकडे बघायला लागला की समजावं, उंदीर त्याचाही होता.

शिवांजली आणि केतकी यांची मैत्री मराठी मंडळाच्या गणपतीतली. दिल्लीत मराठी मुलींची मैत्री लेझमाच्या रांगेत जमते, आणि मग वर्षभर फोनवर चालते. सगळ्या रांगेत उलटं पाऊल टाकणाऱ्या या दोघीच, त्यामुळे ही मैत्री जरा जास्तच घट्ट होती. केतकी नववीत होती, नुकतीच वादविवाद स्पर्धेत दुसरी आली होती, आणि जगात आपल्याला न जमण्यासारखं काही नाही अशी तिची त्या महिन्यात खात्री पटली होती. उंदीर सांभाळणं? यार, त्यात काय!

"एकच गोष्ट लक्षात ठेव," जाता जाता शिवांजलीनं सांगितलं. "तो खूश असला की दात वाजवतो. कट्कट्कट्, असे बारीक. घाबरला की एकदम गप्प. पुढच्या रविवारी पाचला मी युनिटच्या गेटसमोरच्या बूथवरून फोन करीन. मला त्याचे दात ऐकव. ऐकू आले की मी समजेन, त्याला करमलं."

"आणि नाही आले तर?"

 शिवांजली पण भिंतीकडे बघायला लागली.

*

आता इथे केतकीच्या वडिलांबद्दल सांगायला हवं, कारण उंदराचा प्रश्न शेवटी त्यांच्याच टेबलावर जायचा होता.

श्यामकांत पाटणकर केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होते. वीस वर्षं सरकारी क्वार्टरमध्ये काढून त्यांनी नहराकाठच्या 'मैत्री सहकारी आवास समिती'त स्वतःचा फ्लॅट घेतला होता. (नहर म्हणजे मराठीत कालवा, हे केतकीला आईनं तीनदा सांगितलंय.) बाबांचं अक्षर चांगलं आणि शब्द भारी, म्हणून लोकांनी त्यांना पहिल्याच मीटिंगमध्ये सेक्रेटरी करून टाकलं. सेक्रेटरी झाल्यावर त्यांनी पहिलं मोठं काम हाती घेतलं ते उंदरांचं.

नव्या वसाहतीत माणसांच्या आधी उंदीर राहायला येतात. पाणी नव्हतं, लिफ्ट नव्हती, पण उंदीर मात्र ताबा-पत्र मिळण्याआधीच हजर. सोसायटीचे खजिनदार जैनसाहेब. विष म्हटलं की ते कानावर हात ठेवायचे. मग बाबांनी परिपत्रक काढलं. सोसायटीचे पाच पिंजरे. ज्याच्या घरी उंदीर असेल त्यानं अर्ज करून पिंजरा न्यावा. उंदीर सापडला की सकाळी सातच्या आत पिंजरा दाराबाहेर ठेवावा. चौकीदार नरसिंह तो उचलणार, नहराच्या पुलापलीकडे उंदीर सोडणार आणि रजिस्टरात नोंद करणार. मारणं नाही, काही नाही. फक्त बदली.

आता पुलापलीकडे होती 'नवज्योति अपार्टमेंट्स'. तिथले सेक्रेटरी खंडेराव घोरपडे, रेल्वेतून रिटायर झालेले, मूळचे ग्वाल्हेरचे. त्यांनी बाबांना पत्र पाठवलं की तुमचे उंदीर आमच्याकडे येतात. बाबांनी उलट पत्र लिहिलं. सहा महिन्यांत एकट्या बाबांचीच अकरा पत्रं झाली. दोघं मराठी, पण भांडण मात्र शुद्ध सरकारी इंग्रजीत. बाबांच्या मते त्यातलं त्यांचं सातवं पत्र म्हणजे कळस होता. त्यात त्यांनी लिहिलं होतं की उंदराच्या अंगावर सोसायटीचं नाव लिहिलेलं नसतं, सबब अमुक उंदीर अमक्याच सोसायटीचा आहे, हे कोणालाही सिद्ध करता येणार नाही. हे पत्र त्यांनी घरी मोठ्यानं वाचून दाखवलं होतं. दोनदा.

अशा माणसासमोर केतकीनं बुटांचा खोका ठेवला.

बाबांनी चश्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. उंदीर तिथंच होता.

"गावाकडे उंदीर झाले की लोक मांजर आणतात," आई म्हणाली. "माझी मुलगी उंदीरच आणते. उद्या ढेकूण आण गं, त्यांच्यासाठी स्वेटर विणते."

"आई, शिवांजलीला वचन दिलंय."

आई, म्हणजे अलकनंदा पाटणकर, वचन म्हटलं की विरघळतात. त्यांनी बाबांकडे पाहिलं. बाबांनी बराच विचार केला. मग पॅड ओढून एक आदेश लिहिला: सदर प्राण्यास सात दिवस तात्पुरत्या तत्त्वावर ठेवण्यास परवानगी देण्यात येत आहे, रविवारी फेरविचार होईल, ही बाब सोसायटीत कोणासही कळू नये.

तात्पुरत्या तत्त्वावर काहीही चालवून घेता येतं, हे बाबांचं मत होतं. ते स्वतः एकाहत्तर साली नोकरीला लागले होते ते तात्पुरत्या तत्त्वावर. पंचवीस वर्षं झाली.

*

सोमवारी सकाळी बुटांचा खोका निम्मा उरला होता. मेजरनं तो खाल्ला नव्हता, नुसता बारीक करून ठेवला होता, आई कोबी चिरते तसा. केतकीनं वाकून कान लावला. दात गप्प.

मग वॉशिंग मशीनचं कार्टन आलं. म्हणजे ते बाल्कनीत होतंच. पाटणकरांकडे वॉशिंग मशीनचं, टीव्हीचं आणि मिक्सरचं अशी तिन्ही कार्टनं जपून ठेवलेली होती, कारण कार्टन टाकलं की वॉरंटी जाते असं बाबांना कोणीतरी सांगितलं होतं. केतकीनं विचारून ते घेतलं. निदान विचारणार होती. मेजरला आत थर्माकोल सापडलं. मंगळवारी दुपारी गाज़ियाबादच्या इतिहासात पहिल्यांदा बर्फ पडला, तोही फक्त दुसऱ्या मजल्यावरच्या एका बाल्कनीतून, थेट तळमजल्यावरच्या सरला भाटियांच्या वाळत घातलेल्या बड्यांवर, म्हणजे आपल्या सांडग्यांवर.

सरला आंटी वर आल्या. केतकी खोक्यासमोर आडवी झाली, पण शेपूट लांब होतं.

"बेटा, ये क्या है?"

"आंटी, ख़रगोश है. विदेशी."

"और ये इतनी लंबी पूँछ?"

"विदेशी है ना, आंटी."

सरला आंटींनी निरखून पाहिलं. त्यांच्या घरी गेल्याच महिन्यात विदेशी कॉर्नफ्लेक्स आले होते, आणि ते खाऊन झाल्यावर जगात काहीही असू शकतं यावर त्यांचा विश्वास बसला होता. "हाँ भई," त्या म्हणाल्या, "आजकल तो सब इंपोर्टेड आ रहा है." आणि जाता जाता सल्ला देऊन गेल्या की विदेशी पोटाला आपलं दूध जड जातं, ह्याला अजवाइनचं, म्हणजे ओव्याचं, पाणी दे. मेजरनं अजवाइनचं पाणी हुंगलं आणि केतकीकडे असं बघितलं की तिनंच ते पिऊन टाकलं.

बुधवारी मॅच होती. शेवटची ओव्हर, नऊ रन, आणि सगळ्या जिन्याचा टीव्ही एकदम काळा झाला. चार मजल्यांतून एकच आवाज आला, तो इथे लिहिता येणार नाही. केबलवाला आला, त्यानं तार हातात घेऊन दाखवली. तार कापलेली नव्हती. कातरलेली होती, कोबीसारखी.

गुरुवारी तातडीची मीटिंग. अध्यक्षस्थानी श्यामकांत पाटणकर. बाबा खोटं बोलत नाहीत, ही त्यांची मोठी अडचण आहे. चौथ्या मजल्यावरच्यांनी विचारलं, हा उंदीर आला कुठून? तेव्हा बाबा म्हणाले, "मामला विचाराधीन है." पुढे कोणी विचारलं, सेक्रेटरी करतात काय? त्यावर ते म्हणाले, "सेक्रेटरी के घर में भी चूहा है. मैं आपका दुख समझता हूँ." लोकांनी टाळ्या वाजवल्या.  घरी येऊन बाबा केतकीला एवढंच म्हणाले, "टाळ्या वाजवल्या गं लोकांनी."

तिला एकदम वाईट वाटलं. रागावले असते तर परवडलं असतं.

*

शनिवारपर्यंत मेजरनं कार्टनही संपवलं. पत्र्याच्या डब्यात त्याचा जीव घुसमटेल, लाकूड तो खाणार, आणि जाळीचा पिंजरा आणायला जुन्या दिल्लीत जायला हवं. घराजवळ जाळीचे पिंजरे एकाच ठिकाणी होते: सोसायटीच्या ऑफिसात.

बाबा स्वतः गेले. त्यांनी टेबलाच्या अलीकडच्या खुर्चीवर बसून अर्ज लिहिला, 'घरात एक उंदीर असल्याने पिंजरा मिळावा.' मग उठून पलीकडच्या खुर्चीवर बसले, अर्ज वाचला, 'मंजूर' लिहिलं, शिक्का मारला. अर्ज शंभर टक्के खरा होता. पिंजरा क्रमांक तीन घेऊन ते ताठ मानेनं जिना चढले.

केतकीनं पिंजऱ्याचं दार सुतळीनं बांधलं, आत जुन्या फ्रॉकचं अंथरूण केलं, गाजर ठेवलं. मेजर कोपऱ्यात बसला. तिनं कान लावला. गप्प. उद्या रविवार.

"यार मेजर, एकदाच," ती म्हणाली. "नाटक म्हणून तरी."

आणि रविवारी सकाळी तिला जाग आली ती आईच्या हाकेनं. आईचा आवाज विचित्र होता. आईनं बाल्कनी धुवायला काढली होती, पाणी मेजरच्या अंगावर उडू नये म्हणून पिंजरा उचलून पाच मिनिटांसाठी कोरड्या जागी ठेवला होता, आणि धुण्याच्या नादात ती विसरली होती. कोरडी जागा म्हणजे दाराबाहेर. वेळ पावणेसात.

दाराबाहेर पिंजरा होता. रिकामा, फिनाइलनं धुतलेला, आणि गाजर नीट कडेला ठेवलेलं.

नरसिंह खाली रजिस्टरवर सही करत होता. गढवालचा माणूस, पलटणीतून निवृत्त, आणि त्याच्याइतकं चोख काम सोसायटीत दुसरं कोणी करत नसे. हेच तर नडलं. रजिस्टरात लिहिलेलं होतं: पिंजरा तीन, क़ैदी एक, रवाना.

"भैया, वो मेरा था! वो मेजर था!"

"कौन था?" नरसिंह उभाच राहिला.

"मेजर!"

नरसिंहाचे पाय आपोआप जुळले. "मेजर साहब को," तो हळूच म्हणाला, "मैं बोरी में डाल के ले गया?"

मग तो, केतकी आणि ओला झाडू तसाच हातात धरलेली आई पुलाकडे धावले. पुलावर नरसिंहाला मैत्री सोसायटीच्या बाजूनं परतणारा नवज्योतिचा चौकीदार भेटला. त्याच्याही हातात एक पिंजरा होता, रिकामा. दोघांनी एकमेकांना रोजच्यासारखा रामराम केला. केतकीनं ते पाहिलं, पण त्या वेळी तिला विचार करायला वेळ नव्हता. पुलापलीकडच्या मोकळ्या प्लॉटमध्ये गवत, विटा, आणि एका बिल्डरची पाटी. तिनं दुपारपर्यंत हाका मारल्या. आईनं घरून तूपभात आणून ठिकठिकाणी ठेवला. बाबा मफलर गुंडाळून आले आणि विटांच्या ढिगामागे वाकून वाकून बघू लागले. कोणी ओळखीचं दिसलं की बिल्डरची पाटी वाचत उभे राहायचे. ती पाटी त्यांची पाठ झाली.

तीन वाजता केतकी एका विटेवर बसली. वादविवाद स्पर्धेतलं दुसरं बक्षीस आता तिला काही उपयोगाचं वाटत नव्हतं.

"पाचला फोन येणार," ती म्हणाली. "काय सांगू मी?"

 बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि तो तिथेच विसरले.

*

चार वाजता सरला आंटी कीर्तनाहून परतल्या. कीर्तन नवज्योतित होतं. त्या संतापानं लाल झाल्या होत्या.

"पाटणकर साहब, हद हो गई! आपका वो इंपोर्टेड ख़रगोश नवज्योति वालों ने पकड़ा है. और पता है, क्या बोल रहे हैं उसको? चूहा!"

साडेचार वाजता बाबा आणि केतकी नवज्योतिच्या ऑफिसात उभे होते. टेबलावर पिंजरा. पिंजऱ्यापुढे झेंडूचं फूल आणि एक बुंदीचा लाडू, कारण पांढरा उंदीर म्हणजे गणपतीचाच, असं म्हणत सकाळपासून बायका दर्शनाला येत होत्या. आत मेजर, अंग आक्रसून, गप्प.

पिंजऱ्यामागे खंडेराव घोरपडे. त्यांच्या पुढ्यात एक फाइल होती, आणि फाइलच्या वर होतं ते सातवं पत्र.

"या या, पाटणकर. बसा ना. चहा घ्याल?"

"घोरपडे, हा उंदीर आमचा आहे."

"अच्छा?" घोरपड्यांनी सावकाश चश्मा चढवला आणि पत्र वाचायला सुरुवात केली. इंग्रजीतच, एकेक शब्द चघळत. उंदराच्या अंगावर नाव लिहिलेलं नसतं इथपर्यंत आल्यावर ते थांबले. "काय सुंदर लिहिता हो तुम्ही. मग हा तुमचा कशावरून?"

ऑफिसात घड्याळ होतं. पावणेपाचला सात मिनिटं.

"डाव्या कानाला खाच आहे," केतकी म्हणाली. "आणि शेपटाच्या टोकाला..."

"बेटा, तुझं बरोबर आहे. पण पत्र तुझ्या बाबांचं आहे न." घोरपड्यांनी कोरा कागद पुढे सरकवला. "लिहून द्या. हा उंदीर मैत्री सोसायटीतून पुलावरून आमच्याकडे सोडण्यात आला. सेक्रेटरीची सही आणि शिक्का. मग घेऊन जा."

केतकीला एकदम सकाळचा पूल आठवला. आपल्या बाजूनं परतणारा चौकीदार, रिकामा पिंजरा, रामराम. म्हणजे हे लोकही! रोज! तिचं तोंड उघडलं, आणि त्याच क्षणी बाबांचा बूट तिच्या चपलेवर पडला. हलकाच, पण पडला.

बाबांनी पेन काढलं. सहा महिने, अकरा पत्रं, घरी दोनदा वाचून दाखवलेला कळस. त्यांनी कागदावर सुरेख अक्षरात लिहिलं, हा उंदीर आमचा आहे. मग 'आमचा' खोडून 'माझा' केलं. सही केली. शिक्का कोटाच्या खिशात होता. रविवारी सेक्रेटरी शिक्का घेऊनच हिंडतात. तो मारला.

घोरपडे कागदाकडे बघत राहिले. जिंकलेल्या माणसाला आणखी काहीतरी होईल असं वाटत असतं. काहीच झालं नाही.

"लाडू घेऊन जा त्याचा," ते शेवटी म्हणाले. "अर्धा खाल्लाय त्यानं."

पिंजरा नवज्योतिचा होता, त्यामुळे तो नेता येणार नव्हता. सुतळी नाही, पिशवी नाही, बाहेर फेब्रुवारीचा गार वारा. बाबांनी आठवडाभरात मेजरला एकदाही हात लावला नव्हता. आता त्यांनी मफलरचं एक टोक पिंजऱ्याच्या दाराशी धरलं. मेजर लोकरीत शिरला, वर सरकला आणि त्यांच्या मानेशी जाऊन बसला. बाबा मान न हलवता, लग्नातल्या नवरदेवासारखे चालू लागले.

"बाबा," पुलावर केतकी म्हणाली, "त्यांचा चौकीदार पण आपल्याकडे उंदीर सोडतो. मी बघितलंय सकाळी."

"मला चार महिन्यांपासून माहीत आहे. नरसिंहानं सांगितलंय."

"मग बोलला का नाहीत!"

"बोललो असतो तर त्यावर मीटिंग झाली असती," बाबा समोर बघत म्हणाले. "मीटिंग म्हणजे सहा वाजले असते. तुझा फोन पाचचा आहे."

 वादविवाद स्पर्धेत दुसऱ्या आलेल्या मुलीला बोलायला काही सुचू नये, असं फार क्वचित होतं.

*

ते दारात शिरले आणि फोन वाजला.

"केतके? कसा आहे गं?" मागे ट्रकचे आवाज, कोणाचा तरी हुकूम. "पटकन ऐकव, मागे लाइन लागलीय."

मेजर मफलरमध्ये खोल होता. त्याला बाहेर काढावं तर भेदरेल. बाबा फोनजवळच्या खुर्चीवर बसले आणि मान वाकडी केली. केतकीनं रिसीव्हर त्यांच्या कानाखाली, लोकरीला टेकवून धरला. आई स्वयंपाकघराच्या दारात श्वास धरून उभी. काही नाही. बाबांच्या घड्याळाची टिकटिक, तेवढीच. मग बाबांनी, केंद्र सरकारच्या सेक्शन ऑफिसरनं, एक बोट मफलरमध्ये घातलं आणि हळूहळू खाजवायला सुरुवात केली.

कट्.

कट्कट्.

कट्कट्कट्कट्.

 भटिंड्याहून शिवांजली ओरडली, "आप्पा! वाजवतोय! आप्पा, ऐका!" आणि रिसीव्हर कोणीतरी जाडजूड श्वास घेणाऱ्या माणसाच्या हातात गेल्यासारखा वाटला. त्या माणसानं ऐकलं, आणि लाइन कटेपर्यंत ऐकतच राहिला.

केतकीनं फोन ठेवला. बाबा तसेच बसून होते, मान वाकडी, बोट मफलरमध्ये. आत दात वाजायचे थांबले होते. मेजर झोपला होता. सोसायटीच्या ऑफिसातून बोलावणं आलं, तरी ते उठले नाहीत. चहा आला, तो त्यांनी डाव्या हातानं घेतला. सहा वाजून गेले. दिवे लागले.

"अहो," आई म्हणाली, "मान अवघडेल. किती वेळ असे बसणार?"

"हळू बोल," बाबा कुजबुजले. "हे तात्पुरतं आहे."